गुरुजींची मारुती आणि चौथ्या दिवशी बसणारी बॅटरी

गाडी माझ्या दुकानात आली ती ट्रॅक्टरला दोर बांधून. २००६ सालची पांढरी मारुती ८००. मालक समुद्रपूर तालुक्यातले निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना गुरुजीच म्हणतो. पस्तीस वर्षं पोरं शिकवलेल्या माणसाला आमच्याकडे दुसरं काही म्हणतच नाहीत. डिसेंबर २०२४ चे दिवस होते. ट्रॅक्टरवाल्याला त्याच फेरीत कापूस जिनिंगवर टाकायचा होता, म्हणून तो दोर सोडून लगेच हिंगणघाटच्या दिशेनं निघून गेला. गुरुजी उतरले आणि बोनटवर हात ठेवून म्हणाले, "बाबू, अठरा वर्षांत या गाडीनं मले कधी रस्त्यात सोडलं नाही. दिवाळीपासून चौथ्या दिवशी उठतच नाही. काहून होत असन हे?"

"दिवाळीपासून" हा शब्द मी धरून ठेवला. विचारलं, दिवाळीत गाडीला काय केलं? तेव्हा कळलं की पुण्याच्या मुलानं नवा साउंड पाठवला होता. मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ, चार स्पीकर, एक अँप (आवाजाची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) आणि खालचे सूर घुमवायला डिक्कीत ठेवायची बास ट्यूब. दिवाळीच्या गर्दीत एका दुकानानं तो दुपारभरात बसवून दिला होता.

हे प्रकरण एवढं सविस्तर लिहितो आहे, कारण जुन्या गाडीत नवा साउंड टाकताना ज्या चुका होतात त्या जवळपास सगळ्या मला या एकाच गाडीत सापडल्या. त्यातली एक चूक अशी होती, की तिच्यामुळे घर जळालं असतं.

तक्रारी

बॅटरी बसते, ही मुख्य तक्रार. पण गुरुजींना बोलू दिलं तेव्हा आणखी बऱ्याच गोष्टी निघाल्या. गाडी रेस केली की आवाजात बारीक शिट्टी वाजते आणि रेस वाढली की शिट्टीही चढते. आवाज मोठा आहे, पण "मधे पोकळ लागते." ड्रायव्हरकडची काच पूर्ण खाली जात नाही, चार बोटं वर राहते. काकू मागे बसल्या की त्यांना धडधडीनं मळमळतं. आणि शेवटची तक्रार गुरुजींनी जरा संकोचूनच सांगितली: आकाशवाणी नागपूर लागत नाही. जुन्या टेपवर लागायची.

बरेच कारागीर या टप्प्यावर मुख्य तक्रार तेवढी वहीत घेतात आणि बाकीच्या सोडून देतात. मी त्या सगळ्या लिहून घेतो. काच अडते ही तक्रार साउंडची आहे असं कोणाला वाटणार नाही, पण ती साउंडचीच होती.

बॅटरी कोण पितं

बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, अडीच वर्षं वापरलेली. मीटर लावलं तर ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी आरामात १२.६ दाखवते. म्हणजे ही पूर्ण बसली होती. रात्रभर हळू चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू केली.

चाबी काढलेली, दारं बंद, आतला दिवा बंद. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावलं. नवशिक्यांनी इथे एक सांभाळावं. मीटर असं लागलेलं असताना सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडतो.

मीटरवर ०.४१ अँपिअर. इतक्या साध्या जुन्या गाडीत हा आकडा ०.०३ च्या आत असायला हवा. ०.४१ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. दोन दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी रिकामी होते. त्यात डिसेंबरची थंडी. चौथ्या दिवशी सेल्फला फिरवायला काही उरत नाही. गुरुजींचं म्हणणं आकड्यांत जसंच्या तसं उतरलं.

मग एकेक वायर सोडत गेलो. स्टिरिओच्या मागच्या वायरी सोडल्या आणि मीटर ०.०१ वर आलं. पडद्यामागे हात घालून जोड बाहेर ओढला. पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून, वर काळी टेप गुंडाळून थेट बॅटरीवर नेली होती.

स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायम बॅटरीवर असते. घड्याळ, जतन केलेली स्टेशनं, सेटिंग हे सगळं ती सांभाळते. लाल वायर चाबीवर असते. लालला वीज आली की सेटला कळतं, गाडी चालू झाली. लालची वीज गेली की सेट झोपतो. दोन्ही एकत्र पिळल्या की सेटच्या लेखी गाडी कायमच चालू असते. गुरुजी बटण दाबून पडदा काळा करत आणि समजत की बंद झाला. आत तो रात्रंदिवस जागा होता. साध्या जुन्या टेपमध्ये ही पिळवाट फारशी बाधत नसे, कारण बटण दाबलं की तो खरोखर बंद व्हायचा. अँड्रॉइड सेट म्हणजे एक छोटा संगणक आहे, त्याला लाल वायरीकडूनच झोपायची खूण लागते. जुन्या सवयीचा हात नव्या वस्तूवर चालवला की असं होतं.

ती वायर

बॅटरीचं कारण सापडलं, तेवढ्यावर मी गाडी देऊ शकलो असतो. पण अँपची लाल वायर बोनटखालून आत कुठून जाते ते पाहावं म्हणून टॉर्च मारून डोकावलो, आणि तिथेच थांबलो.

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला एक नवं भोक पाडलेलं होतं. कडा ड्रिलनं फाटलेल्या, तशाच. वायर कापू नये म्हणून भोकात घालायचा रबरी बुश नाही. त्या फाटक्या कडेवर अँपची वायर टेकलेली. मी टॉर्च धरून ती दोन बोटांनी फिरवली. खालच्या बाजूला लाल आवरण अर्धचंद्रासारखं कापलं गेलं होतं आणि आतल्या तारा चमकत होत्या. पत्रा आणि तार यांच्यात नखाएवढंही अंतर नव्हतं. बॅटरीपासून अँपपर्यंत त्या वायरीवर फ्यूज कुठेच नव्हता.

तार पत्र्याला लागली असती तर काय झालं असतं? पत्रा म्हणजे निगेटिव्ह. बॅटरी लहान असली तरी सरळ शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सोडते. वायर काही सेकंदांत लाल होते, आवरण पेटतं, आणि ते कार्पेटखाली, सीटखाली, डिक्कीपर्यंत सगळीकडे एकाच वेळी. फ्यूज असता तर तो एका क्षणात तुटून बाकी सगळं वाचलं असतं.

मी गुरुजींना विचारलं, गाडी कुठं उभी असते? म्हणाले, "घराले लागूनच, ओसरीसमोर." ओसरीत काय आहे? "कापूस आहे नं. चाळीस क्विंटल असन. भाव चढते का पाहून राह्यलो."

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, आणि खुल्या बाजारात भाव वर जाईल या आशेनं आमच्याकडे बऱ्याच जणांनी कापूस घरातच ठेवला होता. कापूस एकदा धरला की विझवणं किती कठीण, हे इथल्या कोणाला सांगायला नको. आत आत धुमसत राहतो. मी गुरुजींना बोनटजवळ बोलावलं, टॉर्च हातात दिला आणि ती जागा दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोट्ट्याले हे सांगू नको."

दिवाळीची गर्दी, मजुरी ठरलेली, मागे चार गाड्या उभ्या, हे सगळं मला माहीत आहे. मीही त्याच धंद्यात आहे. तरी बॅटरीच्या वायरीवर फ्यूज न लावणं मी कोणालाच माफ करत नाही. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि पत्र्यातून जाताना रबरी बुश. दोन्ही मिळून दीडशे रुपयांचा माल आहे.

ती वायर मी तिथल्या तिथे दोन्ही टोकांनी सोडली आणि सबंध ओढून बाहेर काढली. चाकूनं सोलून पाहिली. बाहेरून करंगळीएवढी जाड, पण त्यातलं बरंचसं आवरणच. तार तांब्याची दिसत होती, पण खरवडली की आत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या मानानं जवळपास दीडपट अडवते. सोडायच्या आधी गाणं लावून मोजलं होतं: बॅटरीवर १३.७ व्होल्ट असताना अँपवर १२.१. दीड व्होल्टाहून जास्त वाटेतच जात होतं.

काय ठेवायचं, काय काढायचं

माझा पहिला विचार असा होता की पडदा, अँप, बास ट्यूब सगळं काढावं आणि एक साधा रेडिओ बसवावा. गुरुजींनाही तेच हवं होतं, पण जीभ उचलत नव्हती. "पोरानं एवढ्या मायेनं पाठवलं, ते काढून ठेवाचं म्हणजे कसं वाटते बाप्पा. पण मले खरंच पडदा नाही पाह्यजे. सकाळच्या बातम्या, हवामान, भाव, आन् राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. झालं माझं."

डिक्की रिकामी करताना बास ट्यूबच्या मागे एक न फोडलेला खोका सापडला. आत मागचा कॅमेरा आणि त्याची लांब केबल. बसवलाच नव्हता. मी गुरुजींकडून नंबर घेऊन मुलाला फोन लावला. वायरीचं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की हा कॅमेरा कशासाठी होता.

तो म्हणाला, "दादा, बाबांची मान वळत नाही आता. मागच्या पावसाळ्यात रिव्हर्स घेताना फाटकाच्या खांबाला गाडी लागली. अंगणात शेजारची लहान पोरं खेळतात. सगळं घेतलं ते त्या कॅमेऱ्यासाठी. अँप वगैरे सेटमध्ये आलं म्हणून घेतलं. बाबा वापरतात ना तो?"

या एका फोननं माझा बेत बदलला. ज्या कारणासाठी वस्तू आली होती तेच काम कोणी केलं नव्हतं, आणि गुरुजींनाही ते ठाऊक नव्हतं. मुलाला वाटलं बाबांना कळेल, बाबांना वाटलं पोरानं गाण्यासाठी पाठवलं. पडदा राहायलाच हवा होता. शिवाय जुन्या टेपची खाच १८० बाय ५० मिलिमीटरची असते, मोठ्या पडद्याला उंची दुप्पट लागते. त्यासाठी डॅशबोर्डाचं प्लास्टिक आधीच कापलेलं होतं. ते काही परत जोडलं जाणार नव्हतं.

अँप आणि बास ट्यूब मात्र काढायची ठरली. इथे थोडा हिशेब सांगतो, कारण गिऱ्हाईक नेहमी वॅट विचारतं. खोक्यावर लिहिलेले ३०० वॅट हे क्षणभराच्या उसळीचे असतात, कधी कधी तेवढेही नसतात. स्टिरिओवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारी ताकद एका स्पीकरमागे १८ ते २० वॅटच्या आसपास असते. आणि तेवढी पुरते, जर स्पीकर चांगला असेल. स्पीकरचा कामाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी: एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट देऊन जो आवाज येतो, तोच ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये देतो. जुन्या गाडीचा वीज बनवणारा डायनामो लहान. हेडलाइट, वायपर, पंखा हे सगळं त्याच्याच जिवावर. तिथे अँपचा भार वाढवण्यापेक्षा चांगल्या स्पीकरला पैसे देणं मला नेहमीच पटतं.

गुरुजींच्या कानाचाही विचार होता. वय झालं की वरचे बारीक स्वर आधी कमी ऐकू येतात, आणि बोलण्यातली व्यंजनं नेमकी तिथेच, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतात. त्यावर बासची धडधड आली की शब्द झाकले जातात. त्यांना मोठा आवाज नको होता, स्वच्छ हवा होता.

काम

पहिला दिवस साउंडला हात न लावता गेला. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर होता, तो गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुतला, घासून व्हॅसलीन लावलं. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची (निगेटिव्ह जोडणारी) पट्टी गंजून अर्धी झाली होती. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.७ व्होल्ट पडत होते. ०.२ च्या वर गेलं की पट्टी खराब समजावी. नवी बसवली, ०.१ वर आलं. डायनामोचा बेल्ट ढिला होता आणि चिरलाही होता. तो बदलून ताणल्यावर हेडलाइट लावून आयडलवर, म्हणजे रेस न देता, १३.१ चे १३.९ व्होल्ट झाले. गुरुजींनी सेल्फ मारून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "नव्यासारखा फिरला."

मग स्टिरिओची वीज. पिवळीसाठी बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची नवी वायर, टर्मिनलजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, पत्र्यातल्या त्या भोकाच्या कडा कानशीनं घासून, रंग लावून, रबरी बुश घालून. फ्यूज वायरीच्या जाडीवर ठरतो, सेटवर नाही. तो वायर वाचवायला असतो. लाल वायर चाबीच्या स्विचवर, टेस्ट लॅम्पनं तपासून: चाबीच्या पहिल्या खुणेवर दिवा लागला पाहिजे, चाबी काढली की विझला पाहिजे. अर्थ आधी डॅशबोर्डातल्या रंगीत पट्टीच्या स्क्रूवर होता. तो बॉडीच्या बोल्टवर नेला, खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबून बसवली, वर ग्रीस. अँपचा अर्थही तसाच डिक्कीत रंगावर, पत्रा-स्क्रूनं मारलेला होता. शिट्टीचं मूळ तेच. दोन वस्तूंचे अर्थ दोन वेगळ्या पातळीवर राहिले की डायनामोची कुरबुर गाण्याच्या तारेत शिरते. तो स्क्रू आणखी दोन बोटं पुढे मारला असता तर खाली पेट्रोलची टाकी होती. डिक्कीच्या तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून पाहावं, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो.

सगळ्या नव्या वायरी नालीदार प्लास्टिक पाइपातून घेतल्या. खेड्यात गाडी गोठ्याजवळ, धान्याजवळ उभी राहते आणि उंदीर सीटखाली घर करतात. उघडी वायर ते सोडत नाहीत.

स्पीकरच्या पोकळपणाचं कारण दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलनं सापडलं. स्पीकरची वायर स्टिरिओपासून सोडायची, सेलचं धन टोक धन वायरीला आणि ऋण टोक ऋण वायरीला क्षणभर टेकवायचं आणि स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याकडे पाहायचं. तो बाहेर उसळला पाहिजे. मागच्या उजव्याचा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. वायरी उलट. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हाच दुसरा ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी सरळ केल्या. बास ट्यूब नसतानाही मागून भरीव आवाज आला तो एवढ्याशा दुरुस्तीनं.

पुढच्या दारांना आधीच सहा इंची भोक पाडलेलं होतं. स्पीकर थेट पत्र्यावर कसले होते, आणि काच खाली येताना मागच्या चुंबकावर टेकत होती. काच चार बोटं वर राहायची ती यामुळे. दुकानात मोजपट्टी आहे, पण या कामाला मी कणकेचा गोळा वापरतो. स्पीकर नुसता धरून ठेवायचा, चुंबकाच्या पाठीला भिजवलेल्या कणकेचा गोळा चिकटवायचा, काच हळूहळू खाली घ्यायची. काच जिथे दाबेल तिथे कणीक सपाट होते आणि किती जागा कमी पडते ते डोळ्यांना दिसतं. इथे साधारण बारा मिलिमीटर कमी पडत होते. १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायच्या दोन रिंगा कापल्या, दोन हात रंग दिला. दाबलेल्या भुशाचा बोर्ड स्वस्त आणि कापायला सोपा, पण दारात पावसाचं पाणी उतरतंच, आणि तो एका पावसाळ्यात फुगतो.

स्पीकर ९२ डेसिबलचे, कडेला रबर असलेले. स्पंजाच्या कडेचे आमच्या उन्हात टिकत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. दोन-तीन उन्हाळ्यांत स्पंज हाताला लावला तरी चुरा होतो.

दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवलं. आधी बोटानं टिचकी मारली तर पत्रा "टण्ण" वाजायचा, नंतर "ठप". तळाची पाणी निघायची छिद्रं मोकळी ठेवली आणि दाराच्या आतल्या पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद परत लावला. हा कागद बरेच जण फेकून देतात आणि मग पावसाळ्यात पॅड कुजतं.

कॅमेऱ्याला रिव्हर्सच्या दिव्यावरून वीज द्यायची असते, पण तो दिवाच लागत नव्हता. गिअरबॉक्सवरचा स्विच खराब. तो बदलला. कॅमेरा दुहेरी टेपवर न चिकटवता स्क्रूनं कसला, कारण मे महिन्यात टेप पाघळते.

५८५

आकाशवाणी नागपूर मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला आहे. एफएमचा पल्ला आमच्या गावांपर्यंत येता येता क्षीण होतो, मीडियम वेव्ह दिवसा खणखणीत येते. गुरुजींच्या पडद्यावर एएम (म्हणजे हीच मीडियम वेव्ह) होतं, पण आकडे ५८० वरून सरळ ५९० वर उडी मारत होते.

कारण सेटिंगमध्ये मिळालं. सेट अमेरिकेच्या विभागावर लावलेला होता. तिकडे मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, आपल्याकडे ९ च्या. ५८५ ला ९ नं पूर्ण भाग जातो, १० नं जात नाही. विभाग बदलला आणि ५८५ पडद्यावर आलं. एफएमवरही अमेरिकेच्या सेटिंगमध्ये फक्त विषम दशांश लागतात, त्यामुळे १००.६ सारखं स्टेशन तिथे नीट पकडलं जात नाही. महिनाभर एक माणूस ज्यासाठी हळहळत होता, ते तीन बोटांचं काम होतं.

इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ. चालू केलं की टिक-टिक-टिक, रेसबरोबर वाढणारी. ही इग्निशनची ठिणगी. इंजिनचे तीन स्पार्क प्लग काढले तर कोणीतरी बिनरेझिस्टरचे, म्हणजे ठिणगीची खरखर न दाबणारे टाकले होते. रेझिस्टरवाले घातले, टिकटिक बरीच बसली. उरलेली घरघर लायटरच्या भोकातल्या स्वस्त मोबाइल चार्जरची निघाली. तो काढला की बंद, लावला की सुरू. गुरुजींनी स्वतः दोनदा लावून-काढून खात्री केली. अँटेना मोडका होता, तो बदलला आणि त्याच्या बुडाशी पत्रा खरवडून अर्थ पक्का केला.

एक त्रुटी मात्र राहिली. पडद्याचा उजेड पूर्ण असला की ५८५ वर हलकी सूं-सूं राहते. ती सेटमधूनच येते, बाहेरून मला ती घालवता आली नाही. उजेड कमी केला की जवळपास ऐकू येत नाही. हे गुरुजींना स्पष्ट सांगितलं आणि बातम्यांच्या वेळी पडदा मंद करायचं बटण पहिल्या पानावर आणून दिलं.

हवाली करताना

शेवटची चाचणी खंजिरीवर घेतली. खंजिरीत कातड्याची थाप आणि झांजांची बारीक किणकिण एकाच वेळी असते, वर गाणाऱ्याचा मोकळा आवाज. थाप फुगली किंवा किणकिण चिरकली की सेटिंग चुकलं. लाउडनेस बंद केलं, बास खाली आणला, मधले सूर थोडे वर घेतले, आवाजाचा तोल पुढच्या दारांकडे ठेवला. काकू मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता शब्द कळते."

मग गुरुजींना गाडी रिव्हर्समध्ये टाकायला लावली. पडद्यावर दुकानामागचा रस्ता आणि तिथे बसलेलं कुत्रं दिसलं. त्यांनी मान न वळवता गाडी तीन हात मागे घेतली, थांबले, पुढे आणली, परत मागे घेतली. चार वेळा. मग खिशातून मोबाइल काढून पुण्याला फोन लावला आणि मी दुकानात निघून गेलो.

चाबी काढून पुन्हा मीटर लावलं: ०.०२ अँपिअर.

खर्च असा झाला. स्पीकरची जोडी २,६००, वायर-फ्यूज-पाइप-थिंबल आणि अर्थची पट्टी ८५०, प्लाय आणि डांबरी शीट ६५०, अँटेना ४००, प्लग ३६०, रिव्हर्स स्विच ३००, बेल्ट २५०, मजुरी २,५००. एकूण ७,९१०. यातलं कानाला ऐकू येणारं फक्त स्पीकर, अँटेना आणि शीट. बाकी सगळं गाडीचं. अठरा वर्षांच्या गाडीत साउंडचं काम निघालं की निम्मा पैसा आणि निम्म्याहून जास्त वेळ आधी विजेवर जाणार, हे मी आता गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगतो. ज्याला ते पटत नाही त्याचं काम घेत नाही.

नंतर

फेब्रुवारीत गुरुजी आले तेव्हा गाडी आठ दिवस उभी राहूनही एका सेल्फला उठली होती. मे महिन्यात दुपारी पडदा दोनदा अडकला. डॅशबोर्ड उन्हात तापला होता. आता ते गाडी निंबाखाली लावतात आणि पडद्यावर कोरडा पंचा टाकतात. पावसाळ्यात दारांचे पॅड उघडून पाहिले, प्लाय कोरडा होता, पाण्याची छिद्रं मातीनं थोडी भरली होती ती साफ केली. अँप आणि बास ट्यूब गुरुजींनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कोणाला तरी देऊ केली होती. मी त्यांना सांगितलं की बारा व्होल्टवर चालणारी वस्तू आहे, देताना फ्यूजसकट वायर मी बनवून देतो. ती बनवून ठेवली आहे, अजून कोणी न्यायला आलेलं नाही. गाडीचं पुढचं पासिंग २०२६ मध्ये आहे. त्याआधी मागच्या स्पीकरांच्या वायरी बदलायच्या राहिल्या आहेत, त्या अजून जुन्याच आहेत.